चालत येतोय

पुण्यात लाईट गुरुवारी जाते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने या शहरात रॉक बँड काढू नये. आम्हाला ठाऊक होतं, तरी आम्ही काढला, आणि वर गाणं रेकॉर्ड करायला नेमका गुरुवार धरला. कारण काय, तर आमचा गायक धम्मदीप भोसरीकडच्या एका कारखान्यात कामाला होता आणि तिकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. आता ती सुट्टी गुरुवारी का, तर त्या दिवशी लाईट जाते म्हणून. एवढी साधी गोष्ट आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. त्यातला एक पुढे गणिताचा शिक्षक झाला, आणि तो मीच.

तेव्हा धायरी गाव होतं. गिटार वाजवणाऱ्या रणजितच्या वडिलांची, सर्जेरावांची, तिथे कोंबड्यांची रिकामी शेड होती. रोग येऊन कोंबड्या मेल्या आणि ती जागा आमच्या वाट्याला आली. सर्जेराव दारात उभे राहून आमचं वाजवणं ऐकायचे आणि म्हणायचे, "कोंबड्या आधीच गेल्या त्ये बरं झालं, न्हायतर ह्या आवाजानं गेल्या असत्या." मी ड्रम्स वाजवायचो. माझे वडील जलशात ढोलकी वाजवत, त्यामुळे माझ्या हाताला त्यांचीच खोड होती: ओळ संपत आली की मी जरासा पुढे पळायचो. धम्मदीप गाता गाता मागे वळून बघायचा आणि नंतर म्हणायचा, "अभ्या, तुझ्या मागे कुत्रं लागतं का रे?"

गाणं त्याचंच होतं. एकदा खडकवासल्याहून शेवटची बस चुकली आणि तो रात्री पायी धायरीला आला, त्यावर त्याने ते रचलं. घरी नुकतंच लग्न होऊन आलेली कल्याणी होती. "शेवटची बस गेली, चालत येतोय. ताट झाकून ठेव, चालत येतोय." पुढे धरण येतं, धरणावरचा वारा येतो, आणि मग "भिंतीवरून उतरलो खाली" असं म्हणताना, बरोब्बर 'खाली'वर, त्या गुरुवारी लाईट गेली. टेपरेकॉर्डर थांबता थांबता त्याचा आवाज जाड होत घसरला आणि संपला. पुढचं कडवं धम्मदीपच्या डोक्यात होतं. ते ना कागदावर होतं, ना टेपवर. "पुढच्या गुरुवारी करू," तो म्हणाला. आम्ही तिघे हसत बसलो. कल्याणी डब्यातून भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती, तीही हसली. मला तो दिवस असा लख्ख आठवतो.

पुढचा गुरुवार आला नाही. त्या पावसाळ्यात धम्मदीप खडकवासल्याला जातो म्हणून गेला आणि परत आला नाही. पाण्यात गेला म्हणावं तर काठावर चपला नाहीत, कपडे नाहीत. पळून गेला म्हणावं तर तसा तो नव्हता. पोलीस आले, पाणबुडे उतरले, पेपरात फोटो आला. कल्याणी वाट बघत राहिली. कितीतरी वर्षं ती रोज त्याचं ताट झाकून ठेवायची. शेवटी त्याची आई, सुशीलाबाई, माझ्या घरी आली आणि माझ्या आईसमोर बसून म्हणाली, "पोरीचं आयुष्य त्या झाकलेल्या ताटाखाली गेलं. तुमच्या अभयला विचारा." मला विचारायची गरज नव्हती. विहारात आमचं लग्न झालं, सुशीलाबाईंनीच आमच्या हातात फुलं दिली. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं, आजही नाही. आम्हाला मुलगी झाली, मैत्री. संसार चांगला झाला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला फक्त हा संसार राखायचा होता.

गाणं मात्र आमच्याशिवाय हिंडत राहिलं. रणजितने तेव्हाच त्या कॅसेटची एक कॉपी काढून घेतली होती, तिच्या कॉपीच्या कॉपी हॉस्टेलांमधून फिरल्या. मग एका कॉलेजच्या बँडने ते गॅदरिंगमध्ये गायलं आणि 'खाली' म्हटल्याबरोबर स्टेजवरचे सगळे दिवे बंद केले. लोक वेडे झाले. तिथून ती रीतच पडली: 'चालत येतोय' गायचं म्हणजे 'खाली'वर लाईट घालवायची. कुणी बासरीवर केलं, कुणी नुसता आरडाओरडा करून केलं, चैताली नावाच्या एका मुलीने एकटीने छोट्या गिटारीवर म्हणून इंटरनेटवर टाकलं आणि शेवटी हात लांब करून खोलीतला दिवा मालवला. आमच्या चुकीची अशी परंपरा झालेली बघून मला मजा वाटायची. पुण्यात काय, कशाचीही परंपरा होते.

गेल्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजने मला पाहुणा म्हणून बोलावलं. मूळ ड्रमर म्हणून शाल, नारळ, सगळं. संध्याकाळी त्यांच्या बँडने तेच गाणं घेतलं. सौरभ नावाचा मुलगा गात होता, गळा छान होता. 'खाली' आलं. मी सवयीने डोळे मिटले. आणि तो थांबला नाही.

"किरकटवाडीची कुत्री मला ओळखतात, चालत येतोय."

ड्रम्स, गिटार, सगळं चालू. दिवे नंतर गेले, ओळ पूर्ण झाल्यावर. तो स्टेजवरून उतरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"ओळ छान बसवली आहेस. कुणी लिहिली?"

"म्हणजे? सर, ओरिजिनलमध्येच आहे की. आम्ही जसंच्या तसं उचललंय."

मास्तरकीत एवढी वर्षं गेल्यावर पोरगं थापा मारतंय की नाही हे तोंडावरून कळतं. तो मारत नव्हता. मी घरी आलो, माळ्यावरचा खोका काढला, आमची मूळ कॅसेट काढली, जी मी कुणालाही कधी दिलेली नव्हती, आणि लावली. 'खाली' आलं. टेप घसरली नाही. धम्मदीपच्या आवाजात किरकटवाडीची कुत्री आली.

आवाज त्याचाच होता. पण अंगावर काटा आला तो त्याने नाही. मागे ड्रम्स वाजत होते आणि ओळ संपता संपता ते जरासे पुढे पळाले. ते हात माझे होते. मी ते कधीच वाजवलेलं नव्हतं.

"कल्याणी," मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आपण हे रेकॉर्ड करत होतो तेव्हा 'खाली'वर लाईट गेली होती ना?"

ती मेथी निवडत होती. "लाईट? त्या ओळीनंतर गेली होती. कुत्र्यांच्या."

"त्याच्या आधी."

"अहो, मी तिथेच होते," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हीच वाजवलंय आणि तुम्हालाच आठवू नये?"

रणजितला विचारलं. तो आता मोठा बिल्डर आहे. ती शेड पाडून त्याने जी बिल्डिंग बांधली, तिच्यातच चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. तो हसला. "आरं, पहिल्यापास्नं हाय की त्ये. वय झालं तुझं, मास्तर."

झालं असेल वय. मी स्वतःला हेच समजावलं. माणसाची आठवण काय, पाटीवरची बेरीज, पुसली जाते. पण मग दुसऱ्या एका बँडचं गाणं आलं, तिसऱ्या एकाचं आलं, आणि प्रत्येकाच्या गाण्यात एक ओळ वाढलेली होती, आणि प्रत्येक वेळी माझ्या माळ्यावरच्या कॅसेटवरही ती निमूटपणे येऊन बसलेली असायची. "नांदेड सिटीच्या उजेडात सावली पडली नाही, चालत येतोय." त्यानंतर, "धायरी फाट्याला पूल झालाय, खालून येतोय."

आता सांगा, आम्ही हे गाणं केलं तेव्हा नांदेड सिटी, ती उंच इमारतींची वसाहत, कुठे होती? तिथे ऊस होता. फाट्यावर पूल कुठे होता? मी हे सौरभला फोन करून विचारलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "सर, कवीला दिसतं ना पुढचं." बापरे! असल्या उत्तराला मी वर्गात भोपळा दिला असता. रणजित तर म्हणाला, "धम्म्या लई पुढचा इचार करायचा." कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरात ते गाणं 'खाली'वर तुटलं होतं हे आठवणारा मी एकटा उरलो होतो, आणि गाण्यातला तो माणूस धरणावरून निघून फाट्यापर्यंत आला होता. फाट्यावरून आमची बिल्डिंग जवळ आहे.

मला भीती वाटू लागली, हे मी लपवत नाही. भीती भुताची नव्हती. धम्मदीप माझा जिवलग होता. तो समोर आला असता तर मी त्याच्या गळ्यात पडलो असतो. भीती कल्याणीची वाटत होती. ती बदलली असं म्हणावं तर काहीच बदललं नव्हतं. डबा वेळेवर, बोलणं गोड, संध्याकाळी गॅलरीत तुळशीला पाणी. फक्त पाणी घालून झाल्यावर ती तिथेच थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, गार वारा येतोय." आणि एकदा, मी पेपर तपासत बसलो असताना, तिने आतून हाक मारली.

"भाऊजी, चहा ठेवू का?"

धम्मदीप होता तेव्हा ती मला भाऊजी म्हणायची. नवऱ्याच्या मित्राला म्हणतात तसं. लग्नानंतर तिची जीभ कितीतरी दिवस अडखळायची, मग ते 'अहो' झालं आणि ते 'अहो' मी किती जपलं होतं, ते माझं मलाच ठाऊक. मी उठून आत गेलो. ती गाळणं धूत होती.

"काय म्हणालीस?"

"चहा ठेवू का म्हणाले." तिने माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत मला फसवण्यासारखं काहीही नव्हतं. "का हो? बरं नाही वाटत का?"

त्या दिवशी मी कॅसेट खोक्यातून काढून तिची टेप ओढून ओढून बाहेर काढली आणि कात्रीने तुकडे केले. व्यर्थ! गाणं आता कॅसेटमध्ये थोडंच होतं, ते शहरभर होतं.

आणि मग मैत्रीने जाहीर केलं की ती 'चालत येतोय' गाणार. आमची पोरगी गाते, चांगली गाते. तिचा आवाज कुणासारखा आहे असं मला कुणी विचारत नाही, कारण तो कुणासारखाच नाही. रणजितने बिल्डिंगच्या तळघरात एक खोली केली होती, तिला तो स्टुडिओ म्हणायचा. तिथे मूळ गिटारवाला वाजवणार, मूळ ड्रमरची मुलगी गाणार, असा बेत शिजला.

"दुसरं कुठलंही गा," मी म्हणालो.

"बाबा, तुमचं स्वतःचं गाणं आहे! लोक जीव टाकतात त्याच्यावर."

"मग 'खाली'ला थांब. पुढचं गाऊ नकोस."

"का? शेवटचं कडवंच तर भारी आहे." आणि तिने मला ते भाजी चिरता चिरता म्हणून दाखवलं. "कोंबड्यांच्या शेडवर चार मजले चढले, चढत येतोय." ही ओळ तोपर्यंत कुणीही गायलेली नव्हती. मी तिला विचारलं, कुठे ऐकलीस? ती म्हणाली, "काय बाबा! लहानपणापासून ऐकतेय. आईच म्हणायची ना झोपवताना."

पोरीशी भांडून उपयोग नव्हता. ती माझ्यावर गेलीये, हट्टी आहे. तेव्हा मी मास्तरासारखा विचार केला. गाणं एकदा तुटलं होतं, ते लाईट गेल्यामुळे. मग परत लाईट घालवावी. पेपरात दर आठवड्याला येतंच, अमुक भागात गुरुवारी वीजपुरवठा बंद राहील म्हणून. आमच्या भागाचं नाव आलं तो गुरुवार मी धरला, सकाळची ती वेळ धरली, आणि मैत्रीला म्हटलं, "गा, पण ड्रम्स मी वाजवणार. मूळ हात आहेत." ती आनंदाने माझ्या गळ्यात पडली. मला वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, संसार आपला आहे, राखायलाही आपणच पाहिजे. लाईट वेळेवर नाही गेली, तरी काठ्या माझ्याच हातात असणार होत्या. ड्रम्स थांबले की गाणं कुठे जाईल?

गुरुवारी सकाळी आम्ही तळघरात उतरलो. कल्याणी वर थांबली. "तुम्ही व्हा पुढे, माझा स्वयंपाक व्हायचाय," ती म्हणाली, आणि मी बघितलं, ती पुरण शिजवत होती. सणवार काही नव्हता.

रणजितने गिटार लावली. पोट सुटलंय, पण बोटं तीच आहेत. मैत्रीने डोळे मिटले आणि सुरू केलं. शेवटची बस गेली. ताट झाकून ठेव. धरण आलं, वारा आला. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, पण माझं सगळं अंग कान झालं होतं. "भिंतीवरून उतरलो," मैत्री म्हणाली, "खाली," आणि लाईट गेली.

वीज मंडळाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या असतील, त्या सगळ्या मी त्या क्षणी मागे घेतल्या. गिटारचा आवाज मेला. तळघरात मिट्ट काळोख झाला. फक्त एका कोपऱ्यात उजेड होता. लॅपटॉपची बॅटरी चालू होती आणि त्याच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ पुढे पुढे सरकत होती. आमच्या वेळी लाईट गेली की सगळंच जायचं. आता जात नाही, हे मूळ ड्रमरच्या लक्षातच आलं नव्हतं.

मैत्री थांबली नाही. तिच्या दृष्टीने गाणं संपलंच नव्हतं. मी थांबायचं, एवढंच उरलं होतं. मी हातांना सांगितलं, थांबा. आणि हात वाजवत राहिले. किरकटवाडी गेली, नांदेड सिटी गेली, पुलाखालून गाणं आलं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझे हात जरासे पुढे पळत होते, अगदी कॅसेटवर ऐकले होते तसेच, तिळमात्र फरक नाही. तेव्हा मला कळलं की मी इतके महिने ऐकत होतो ते हेच, आजचं. हात माझं ऐकत नव्हते असं मी म्हणू शकलो असतो. पण खोटं कशाला बोलू? मला आनंद होत होता. इतक्या वर्षांनी त्याच्याबरोबर वाजवत होतो. काळोखात तो पुढे उभा असावा आणि आता मागे वळून बघेल, असं वाटत होतं, आणि मी त्याला हात देऊन पायऱ्या चढवाव्यात तसा एकेक ठोका देत होतो. चार मजले चढले, चढत येतोय. मग मैत्रीने शेवटची ओळ म्हटली, जी मी आधी कधीच ऐकलेली नव्हती. "ताट काढ आता, आलो." मी शेवटचा ठोका दिला.

"झालं बघ," काळोखातून रणजित म्हणाला. "शेवटपत्तोर झालं." तो रडत होता बहुतेक.

मैत्री माझ्या पुढे पळत जिना चढली. लिफ्ट बंद होती. मी हळूहळू गेलो; गुडघे कुरकुरत होते आणि मनात एकच होतं, कल्याणीला हाक मारायची, ती 'अहो' म्हणेल, मग सगळं ठीक होईल. दार उघडं होतं. पुरणाचा वास जिन्यापर्यंत आला होता. न्हाणीघरात पाणी पडत होतं आणि आत कुणीतरी जाड्या आवाजात गुणगुणत होतं.

"कल्याणी," मी म्हणालो.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. एवढं खूश मी तिला कधी बघितलं नव्हतं. "या ना भाऊजी, या! बसा. हे अंघोळ करताहेत. चालत आले हो सगळं, पाय भरून आलेत म्हणाले. तुमचीच आठवण काढत होते. जेवूनच जायचं हं आता."

मी चपला बाहेर काढल्या. सोफ्यावर बसलो, अगदी कडेला. समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. न्हाणीघराचं दार वाजलं आणि दारापाशी मैत्रीचा आवाज आला, "बाबा, टॉवेल इथे ठेवलाय!" मी नकळत 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग ती बाहेर आली. ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास होता. माझ्यासमोर वाकून ती हसली, छान, शिकवलेलं हसू, आणि म्हणाली, "काका, पाणी घ्या ना."

मी ग्लास उचलला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"केवढी मोठी झालीस गं," मी म्हणालो.